मॅरेथॉन होऊ द्या, पण वाघाच्या रस्त्यावर नको

*ताई, नमस्कार. मी चिमूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक आहे. आमचं गाव ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात येतं. शाळेतल्या अकरा मुली माझ्याकडे धावण्याचा सराव करतात. पहाटे गेटकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आम्ही पळतो. दोघी गेल्या वर्षी विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या.*

*आता एका इव्हेंट कंपनीने गावात ‘जंगल मॅरेथॉन’चा प्रस्ताव आणला आहे. फेब्रुवारीचा तिसरा रविवार, पहाटे साडेपाचला सुरुवात, बाराशे स्पर्धक, माणशी दीड हजार रुपये फी. एकवीस किलोमीटरपैकी नऊ किलोमीटर गेटच्या आत, सफारीच्या रस्त्यावरून. ग्रामपंचायतीला एक लाख रुपये, गावातल्या साठ पोरांना टी-शर्ट आणि एका दिवसाची रोजी, माझ्या मुलींना फुकट प्रवेश. त्यांनी आफ्रिकेतल्या मॅरेथॉनचा व्हिडिओ दाखवला, तिथं सिंह-गेंड्यांच्या रानात माणसं धावतात. ‘वरची परवानगी आम्ही आणतो, तुम्ही फक्त ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र मिळवून द्या,’ असं ते मला म्हणतात, कारण सरपंच माझं ऐकतात.*

*गावात दोन तट पडलेत. माझा भाऊ जिप्सी चालवतो. तो म्हणतो, ‘रोज गाड्या आत जातात, वाघाचं काही बिघडत नाही, मग एक दिवस माणसं धावली तर काय आभाळ कोसळणार आहे?’ आई म्हणते, ‘मले मोहफुलं वेचाले आत जाऊ देत नाहीत, अन् शहरातल्या लोकाईले धावाले बोलावतेत?’ दोघांपुढेही मी गप्प बसतो. काय करू?*

प्रिय भाऊ,

ना-हरकत पत्र मिळवून देऊ नका. तो नऊ किलोमीटरचा आतला रस्ता नकाशावर आहे तोवर तर मुळीच नाही. शर्यत मात्र हातची घालवू नका, ती गावाच्या रस्त्यावर आणा. कशी आणायची ते पुढे लिहिते. आधी तुमच्या आईचं बोलणं घेते, कारण या सगळ्या प्रकरणात नेमकं दुखणं त्यांनीच ओळखलं आहे.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, ज्याला आपण सगळे कोअर म्हणतो, तो माणसाच्या वर्दळीपासून मोकळा ठेवायचा असं ठरलं. ताडोबाचा कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे. त्यासाठी गावं उठली: बोटेझरी उठली, रामदेगीचं नवेगाव उठलं, जामणी उठली. बोटेझरीची माणसं मूल तालुक्यात भगवानपूरला जाऊन राहिली. घराचा आणि वावराचा मोबदला ठरवता येतो, पण देवाचं ठाणं आणि पूर्वजांना मूठमाती दिली ती जागा कुठल्या पंचनाम्यात बसवणार?

जे उठले नाहीत, म्हणजे बफरमधले तुम्ही लोक, त्यांचा निस्तार, म्हणजे जंगलातून घरच्या गरजेपुरतं घ्यायची वहिवाट, आखडला. सरपण, चराई, मोहफूल, सगळ्याला हद्द आली. ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे. पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरायची. आता त्या देवाच्या पाया पडायचं तरी वनखात्याच्या नियमात राहूनच पडावं लागतं. हे ज्यांनी सोसलं त्यांना दर वेळी एकच कारण सांगितलं गेलं: इथं माणसांची गर्दी नको. ते कारण खरं आहे, मी ते मनापासून मानते. पण मग ते बाराशे स्पर्धकांनाही तितकंच लागू आहे. तुमच्या आईला थांबवणारा नियम फी भरणाऱ्यासाठी वाकला, तर उद्या वनरक्षक गावात येऊन ‘आत जाऊ नका’ म्हणेल तेव्हा त्याचं कोण ऐकेल? आणि वनखात्याला गावाची गरज पदोपदी लागते. वणवा पेटला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आगीवर पहिले धावतात ते गावातलेच पोट्टे. तो विश्वास एका रविवारासाठी मोडायचा नाही.

आता तुमच्या भावाचा प्रश्न. तो रोज आत जातो, त्यामुळे त्याला उडवून लावता येणार नाही, आणि लावूही नये. त्याला एवढंच विचारा की पर्यटकाला गाडीतून खाली उतरू का देत नाहीत. कोणी कितीही गयावया केली, पोट दुखतंय म्हटलं, तरी गाइड त्याला ठरलेल्या जागेशिवाय उतरू देत नाही. जिप्सीची सवय जनावराला झालेली असते. गाडीचा आकार, आवाज, वेग ठरलेला, ती रस्ता सोडत नाही आणि तिच्यातून कोणी खाली येत नाही. पायी माणूस दिसला की त्याच जनावराचं वागणं बदलतं. चितळ शेपटी वर करून ओरडतं, रानगवा मान उचलून उभा राहतो. माणसाच्या नुसत्या आवाजाने काय होतं यावर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर परिसरात एक अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणवठ्यांवर कॅमेरे आणि स्पीकर लपवून प्राण्यांना कधी सिंहाची गुरगुर ऐकवली, कधी माणसांचं साधं बोलणं. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या बोलण्याने प्राणी पळण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. हत्ती आणि गेंडेसुद्धा पाणी सोडून निघून गेले. कोणी आरडाओरडा करत नव्हतं हं, नुसती गप्पा मारल्यासारखी वाक्यं होती.

आणि गाड्यांनी काही बिघडत नाही, हेही पूर्ण खरं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या मध्ये अडकले होते. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. भावाला तो प्रसंग माहीत असणारच. गाड्यांची गर्दी झाली तर आवर घालावा लागतो, हे जिप्सीचालकांइतकं कोणाला कळतं? त्या गर्दीचा दाखला देऊन दुसरी गर्दी आत घ्यायची, हे काही पटत नाही.

हिवाळ्यात गेट उघडतं तेव्हा कच्च्या रस्त्यावरची धूळ दवाने बसलेली असते. पहिल्या गाडीतला गाइड वाकून खालीच बघत असतो. मधोमध वाघाचा रुंद पंजा, सरळ रेषेत, घाई नसलेला. कडेने अस्वलाचं माणसाच्या पावलासारखं लांबट पाऊल, पुढे नखांच्या खुणा. कुठे साळिंदराचा पडलेला काटा. जरा पुढे कडेच्या ऐनाच्या बुंध्यावर ओरखडे, आणि थांबून नाक लावलं तर वाघाच्या फवाऱ्याचा उग्र वास. बांबूच्या दाटीतून अंग घासत जाण्यापेक्षा वाघाला हा रस्ता सोपा पडतो, म्हणून तो रात्रभर याच रस्त्याने हद्द तपासत फिरतो आणि उजाडताना पाण्याकडे किंवा सावलीकडे वळतो. कंपनीने निवडलेली साडेपाचची वेळ ही नेमकी त्याची घरी परतायची वेळ आहे. फेब्रुवारीत तेव्हा अजून अंधारच असतो.

बाराशे माणसं एकदम जात नाहीत, हे तुम्हाला खेळातल्या माणसाला सांगायला नको. एकवीस किलोमीटरला चांगला धावपटू सव्वा तास घेतो, हौशी माणूस तीन तास. म्हणजे त्या नऊ किलोमीटरवर दोन-अडीच तास माणसांची न तुटणारी रांग राहणार. रस्त्याच्या या बाजूला असलेल्या जनावराला त्या बाजूच्या पाण्यावर जायचं असेल तर त्याने काय करायचं? बछडे एका बाजूला आणि वाघीण दुसऱ्या बाजूला राहिली तर? शिवाय धावणारा माणूस कानात इअरफोन घालतो. त्याला चितळाचा इशारा ऐकू येत नाही. त्याला लघवीला जायचं असतं, तो रस्ता सोडून दोन झुडपं आत जातो. या जंगलात दहा पावलांवरचं दिसत नाही, हे तुम्ही जाणताच.

२०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबाच्या कोअरमध्ये व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करणारी एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती प्रशिक्षित होती, सोबत सहकारी होते, नोकरीच जंगलातली होती. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या जन्मभर जंगलात वावरलेल्या होत्या. शर्यतीत असं काही घडलं तर कंपनी दुसऱ्या दिवशी निघून जाईल. वाघ मात्र ‘माणसावर हल्ला करणारा’ म्हणून नोंदला जाईल, त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालायची मागणी होईल, आणि ती मागणी करायला मोर्चा तुमच्याच गावातून निघेल. ना-हरकत पत्रावर सही सरपंचाची असेल.

‘सुरक्षेची व्यवस्था करू’ असं ते म्हणतीलच. दर दोनशे मीटरवर एक माणूस उभा करायचा तर नऊ किलोमीटरला पंचेचाळीस माणसं लागतात. ती कुठून आणणार? वनरक्षक, वनमजूर, आणि वाघ गावाजवळ आला की आधी धावून जाणाऱ्या, गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं. म्हणजे गस्तीवरची माणसं एक दिवस शर्यतीच्या बंदोबस्ताला. आणि पंधरा फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. फेब्रुवारीचा तिसरा रविवार कोणत्याही वर्षी त्याच्या आधी येत नाही. पानगळ झालेली, गवत वाळलेलं, आग पसरू नये म्हणून आखलेल्या जाळरेषा साफ करायची घाई चाललेली असताना वनखात्याच्या लोकांना दुसरीकडे गुंतवायचं, आणि वर बाराशे माणसं, त्यांच्या गाड्या आणि त्यातले विडी-सिगारेटवाले यांना जंगलाच्या तोंडाशी आणून सोडायचं!

आता तो आफ्रिकेचा व्हिडिओ. तो बहुधा केनियातल्या लेवाच्या मॅरेथॉनचा असेल. ती २००० सालापासून भरते, तिचा पैसा वन्यजीव संरक्षणाला, शाळांना आणि दवाखान्यांना जातो, आणि ती चांगली शर्यत आहे. लेवा हे कुंपण असलेलं, संस्थेने चालवलेलं संरक्षित क्षेत्र आहे. तिथं मोकळा गवताळ माळ आहे, लांबवरचा गेंडा दिसतो. शर्यतीच्या दिवशी हत्यारबंद रेंजर तैनात असतात आणि वर हेलिकॉप्टर फिरत असतं. ताडोबाच्या बांबूवर हेलिकॉप्टर फिरवून काय दिसणार? वाघ खाली पाच हातांवर बसलेला असेल तरी दिसायचा नाही. हेलिकॉप्टरच्या आवाजाने काय होईल ते वेगळंच.

मला या बाबतीत अमेरिकेतलं एक उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं. कॅलिफोर्नियात शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स नावाची जुनी शर्यत आहे, १९७७ पासूनची. १९८४ साली तिच्या वाटेतला ग्रॅनाइट चीफ हा डोंगराळ भाग कायद्याने ‘वाइल्डरनेस’ जाहीर झाला. त्या कायद्याखालच्या जागेत मोटारच काय, सायकलसुद्धा चालत नाही आणि स्पर्धा भरवायलाही सहसा परवानगी मिळत नाही. शर्यत आधीपासूनची होती म्हणून ती राहू दिली, पण धावणाऱ्यांचा आकडा सरासरी ३६९ वर बांधून टाकला. जगभरातून हजारो लोक अर्ज करतात, चिठ्ठ्या टाकून नावं काढतात, तरी तो आकडा आजही तिथेच आहे. ज्या देशात असल्या शर्यतींचं इतकं वेड आहे तिथली ही गोष्ट. आणि तिथं वाघ नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, म्हणजे ‘वरची परवानगी’ म्हणजे काय ते तुम्हाला विचारता येईल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८. अभयारण्यात शिरायची परवानगी कशासाठी देता येते ते त्यात लिहिलेलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामकाज. खेळाची स्पर्धा त्यात नाही. कंपनी तिला पर्यटन म्हणेल. पण ताडोब्यातलं पर्यटन वाटेल तसं चालत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काही महिने कोअरमधलं पर्यटन बंदच ठेवलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नियम केले: कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन, गाड्यांची संख्या ठरलेली, प्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर. दाट जंगलात धावणारा माणूस वीस मीटरचं अंतर कसं राखणार, हे कंपनीला लेखी विचारा. परवानगीच्या अर्जाची प्रत मागा. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात व्याघ्र प्रकल्पाच्या उपसंचालकांच्या कार्यालयाकडे अर्ज करा. बऱ्याचदा असं असतं की वर काहीच ठरलेलं नसतं आणि गावाचं ना-हरकत पत्र दाखवून वरची परवानगी मागायची असते. म्हणून तर ते आधी तुमच्याकडे आले.

लाऊडस्पीकरचाही विचार करा. रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजवायला मनाई आहे. साडेपाचच्या सुरुवातीला डीजे लावून ‘वॉर्म-अप’ घेतात, ते कुठल्याही गावात चालणार नाही.

आता शर्यत करायची कशी ते बोलू. जंगल आणि खेळ यांचं वैर आहे असं मला अजिबात वाटत नाही. पाच-सहा जण गाइड घेऊन बफरमध्ये पायी फिरतात, ते मला आवडतं. पण घड्याळ लावून, नंबर छातीला अडकवून पळायचं म्हटलं की माणसाचं लक्ष रस्त्यावर आणि वेळेवर असतं. तसंच असायला हवं, नाहीतर ती शर्यत कसली. अशा माणसाला लागतो चांगला रस्ता, पाणी, थंड हवा आणि कडेला ओरडून हिंमत देणारे लोक. यातली एकही गोष्ट वाघाच्या कोअरमध्ये मिळत नाही, आणि सगळ्या गोष्टी तुमच्या गावात मिळतात.

शाळेपासून निघून डांबरी रस्त्याने शेजारच्या दोन गावांतून जाऊ द्या, तिथून मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून, पांदणीने, धानाच्या बांध्यांच्या कडेकडेने परत. जंगलाला लागून जाणारा तुकडा टाळा. बफरमधला वाघ वावरातही येतो, म्हणून मार्ग नक्की करण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांना सोबत घेऊन तो पायी पाहा. कोणत्या नाल्याजवळ हालचाल आहे ते त्यांना ठाऊक असतं. आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा बघायला लावा. सुरुवात साडेसातला करा, सूर्य वर आल्यावर. जानेवारीत आपल्याकडे साडेसातलाही दात वाजतात, कोणी उन्हाने पडणार नाही. तारीख फेब्रुवारीतून मागे ओढून जानेवारीत न्या.

गर्दी सांभाळायला येत नाही, असं कोणी म्हणालं तर हसा. झाडीपट्टीतल्या गावाला गर्दी शिकवायची? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला रात्रभर नाटक चालतं, पंचक्रोशी लोटते, पाहुणे घराघरांत जेवतात. शंकरपटाला किती गावांची माणसं येतात! बैलांच्या शर्यतीवरची बंदी उठवायला न्यायालयात किती वर्षं गेली, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि लोकांनी तोवर तो खेळ मनातून जाऊ दिला नाही. मला तर वाटतं, ही शर्यत तुमच्या गावच्या पटाला जोडूनच घ्यावी. सकाळी माणसं धावतील, दुपारी बैल.

पैशाचंही बघा. बाराशे माणसं, दीड हजार फी, अठरा लाख रुपये होतात. जाहिरातदार वेगळेच. त्यातून गावाला एक लाख आणि पोरांना टी-शर्ट! जंगलाचं नाव, गावाची माणसं, गावाची जोखीम. मार्ग गावाचा झाला की बोलणी गावाच्या हातात येतात. फीचा ठरावीक हिस्सा मागा, आकडा करारात लिहून घ्या. शनिवारी रात्री धावपटू होमस्टेत आणि घरांत उतरू द्या. सकाळचा नाश्ता बचत गटाच्या बायकांकडून, तर्री-पोहे आणि चहा, दर त्यांनी ठरवायचा. पाण्याला ते झाकणाचे प्लास्टिकचे पेले नकोत, शाळेतले स्टीलचे गिलास आणि माठ ठेवा. एका शर्यतीनंतर वाऱ्याने ते पेले कुठवर जातात ते मी पाहिलं आहे. नाल्यात, तुरीच्या ओळीत, गुरांच्या तोंडात.

सरपंचांना सांगा की हे ना-हरकत पत्र त्यांच्या टेबलावर निकाली काढायचं नाही, ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवायचं. जानेवारीतच शर्यत घ्यायची ठरली तर त्याआधी विशेष ग्रामसभा बोलवा. बायका हजर राहतील अशी वेळ ठेवा. ग्रामसभा असले निर्णय घेऊ शकते का, असं कोणी विचारलं तर आपल्याच भागातली उदाहरणं द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथं निर्णय सर्वसहमतीने होतात. तुमच्याच जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. पानासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, झाडाला फळ धरत नाही, म्हणून. तेंदूच्या हंगामात फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या केंद्रावर, मिळणारा पैसा मजुराच्या घरात किती मोलाचा असतो ते तुम्हाला सांगायला नको. तो पैसा त्यांनी सोडला, बांबूवर भर दिला, आणि तेही गावात बसून, चर्चा करून. तुमच्या गावाला तर काही सोडायचंही नाही, फक्त रस्ता बदलायचा आहे.

त्या सभेत आईला बोलू द्या. तुम्ही त्यांचं म्हणणं साध्या भाषेत मांडायला जाऊ नका, त्या स्वतः नीट मांडतात. भावालाही बोलू द्या. त्याचं पोट जंगलावर आहे, आणि उद्या आतल्या शर्यतीत अपघात होऊन गेट महिनाभर बंद राहिलं तर पहिला फटका त्यालाच बसेल, हे त्याला सभेत नाही, घरी जेवताना सांगा.

कंपनीला जे पत्र लिहाल त्यात नकाराचा सूर नको. आमच्या गावात शर्यत घ्यायला आम्ही तयार आहोत, मार्ग हा, वेळ ही, वाटा एवढा, असं लिहा. त्यांना खरंच धावण्यात रस असेल तर ते येतील. ‘कोअरमधून धावा’ एवढीच जाहिरात विकायची असेल तर येणार नाहीत, आणि मग गावाचं काही अडत नाही. चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी इथल्या शाळा मिळून दहा किलोमीटरची शर्यत तुम्ही शिक्षकमंडळी स्वतः भरवू शकता.

मुलींचं शेवटी लिहिते, कारण तुमचा जीव तिथं अडकलेला दिसतो. फुकट प्रवेश हे फार मोठं बक्षीस समजू नका. करारात त्यांच्यासाठी यापेक्षा जास्त मागा: अकरा जणींना पायाच्या मापाचे धावण्याचे बूट, परिसरातल्या मुलींसाठी वेगळा गट आणि वेगळी बक्षिसं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धेला जायचा-यायचा खर्च. विभागीयपर्यंत पोहोचलेल्या दोघींना वर्षातून एकदा जंगलात पळवण्यापेक्षा महिन्यातून एकदा चांगल्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर नेणं त्यांच्या जास्त कामाचं आहे. तालुका क्रीडा संकुलाच्या समितीकडे अर्ज करा, मुख्याध्यापकांची सही घ्या.

आणि एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचली. मुली पहाटे गेटकडच्या रस्त्यावर पळतात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. तो सराव थांबवा. अंधुक उजेडात जंगलाच्या कडेने एकटी पळणारी, बारीक अंगाची मुलगी बिबट्याला किंवा वाघाला भक्ष्यासारखी दिसू शकते, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभावच आहे. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायकासुद्धा उजाडल्यावर, घोळक्याने, मोठ्याने बोलत जातात. सराव शाळेच्या मैदानावर घ्या, लहान असलं तरी चालेल, फेऱ्या वाढवा. लांब पल्ला हवा असेल तेव्हा सूर्य उगवल्यावर, गावाच्या दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने, सगळ्या एका गटात, पुढे-मागे मोटारसायकलवर मोठं माणूस. बाकीचं ग्रामसभेत ठरेल तेव्हा ठरेल, हे मात्र उद्या सकाळपासून करा.

तुमची,
ताई